मस्कटीनचं बटण म्युझियम, आईला घेऊन गेले होते त्याचा रिव्ह्यू (गाव पण सोबत)

आई दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात आमच्याकडे येते आणि दरवेळी तेच, डाउनटाउन शिकागो, लेक, मंदिर, मॉल, कॉस्टको. यावेळी तिने स्पष्ट सांगितलं की मला उंच बिल्डिंग दाखवू नकोस, मान दुखते. मग आयोवा राज्यातलं मस्कटीन गाव आठवलं, एका कलीगने कधीतरी सांगितलं होतं की तिथे बटणांचं म्युझियम आहे. आई म्हणाली, "अगं बटणात काय बघायचं?" पण तिच्या तोंडून ते ऐकून मला हसू आलं कारण माझ्या लहानपणी आमच्या घरात संध्याकाळी जेवणं झाली की चटईवर शर्टांचा गठ्ठा पडायचा आणि आई काज-बटण करायची, नगावर पैसे मिळायचे, मी आणि ताई बटणं वेगळी करून द्यायचो, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. त्यामुळे बटणात काय बघायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मला माहीत होतं, म्हणून आग्रहाने नेलं.

म्युझियमचं पूर्ण नाव नॅशनल पर्ल बटण म्युझियम, डाउनटाउनमध्ये वेस्ट सेकंड स्ट्रीटवर आहे, मिसिसिपी नदीपासून चालत दोन मिनिटं. आम्ही शिकागोच्या बाजूने गेलो, आय-८० हायवे धरून पश्चिमेला, मिसिसिपी ओलांडली की डॅव्हनपोर्ट लागतं, आणि तिथून मस्कटीन अंदाजे ३० मैल. हायवे ६१ ने लवकर पोचता पण माझं ऐका आणि २२ नंबरचा जुना रस्ता घ्या, तो नदीच्या कडेकडेने जातो. वाटेत फेअरपोर्ट लागतं, तिथल्या माशांच्या हॅचरीचा (पैदास केंद्राचा) या बटणांशी संबंध आहे, त्यावर खाली येते.

गाव छोटं आहे, लोकसंख्या साधारण २४ हजार. पण १९०५ च्या आसपास या एवढ्याशा गावात वर्षाला दीड अब्ज बटणं निघायची, जगातल्या एकूण बटणांच्या एक तृतीयांशाहून जास्त. दीड अब्ज! मी तो आकडा आईला मराठीत नीट करून सांगितला, दीडशे कोटी, तर तिने आधी विचारलं, "आणि मोजायचं कोण?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

आता ही बटणं कसली, तर शिंपल्यांची. मिसिसिपीच्या तळाशी गोड्या पाण्यातले जाड कवचाचे शिंपले होते, थरच्या थर. आपल्याकडे खायला आणतो त्या तिसऱ्यांसारखे नाजूक अजिबात नाहीत, हातात घेतला तर एकेक शिंपला बशीएवढा आणि चांगला वजनदार, बाहेरून काळा-तपकिरी, चिखलाचा दगडच वाटेल, आणि उलटा केला की आत ती मोत्याची झाक. यांची इंग्लिश नावं पण मजेशीर, वॉशबोर्ड, पिंपलबॅक, पिगटो, हीलस्प्लिटर, म्हणजे कपडे धुवायचा फळा, पुटकुळ्या पाठीचा, डुकराचं बोट, टाच फाडणारा. नदीत उतरून काम करणाऱ्यांनीच ठेवलेली नावं आहेत हे लगेच कळतं.

हे सगळं सुरू केलं जॉन बेपल नावाच्या जर्मन कारागिराने. हॅम्बुर्गजवळ त्याचा शिंग आणि शिंपल्यांची बटणं करायचा धंदा होता, तिकडे कच्चा माल महाग व्हायला लागला, आणि अमेरिकेतल्या कुठल्यातरी नदीतले शिंपले त्याच्या बघण्यात आले होते. १८८७ मध्ये तो इकडे आला आणि नद्या शोधत फिरला. पुढे १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या बटणांवर जबरदस्त ड्युटी बसली, मग इथे बटण बनवणं एकदम परवडायला लागलं, आणि १८९१ मध्ये त्याने मस्कटीनमध्ये काम सुरू केलं. नदी पश्चिमेकडे वाहत येते आणि या गावाजवळ दक्षिणेला वळते आणि आसपासच्या पट्ट्यात शिंपल्यांच्या मोठ्या वस्त्या होत्या. पंधरा वर्षांच्या आत गावातला अर्धा कामगार वर्ग बटणांवर जगायला लागला.

बेपल स्वतः जुन्या वळणाचा, हाताने आणि पायाच्या लेथवर काम करणारा, आणि तिकडे गावातल्या बॅरी कुटुंबाने ऑटोमॅटिक मशीन काढलं जे चकतीला आकार पण द्यायचं आणि भोकं पण पाडायचं. ते आलं आणि धंदा बेपलच्या हातातून गेला. शेवटी तो सरकारच्या मत्स्य खात्यासाठी नदीत शिंपल्यांचा सर्व्हे करायला लागला, आणि तिथेच एका शिंपल्यावर पाय पडून कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये गेला. ज्या शिंपल्याने माणसाला अमेरिकेत आणलं त्यानेच. आई हे ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बिचारा."

म्युझियमबद्दल सांगते. फार मोठं नाही, दोन तासात आरामात होतं, पण आम्हाला तीन लागले. सगळ्यात आवडलं ते हे की बटण कसं बनतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कळतं. आधी शिंपले काढणं. सपाट बुडाची होडी, तिच्या बाजूला लोखंडी आडवी दांडी, दांडीला दोऱ्या, दोऱ्यांना तारेचे हुक, कावळ्याच्या पायासारखे चार बोटांचे. शिंपला तळाशी तोंड उघडून बसलेला असतो, हुक आत लागला की तो झटकन मिटतो, आणि मिटला की सुटत नाही, तसाच लोंबकळत वर येतो. आमिष नाही, जाळं नाही, त्याची घाबरून दार लावायची सवयच त्याला पकडून देते. आणि होडी चालवायला इंजिनाऐवजी पाण्याखाली एक लाकडी शीड सोडायचे, त्याला म्यूल म्हणजे खेचर म्हणायचे, प्रवाह त्याच्यावर ढकलायचा आणि होडी सावकाश ओढली जायची. हे मला इतकं हुशारीचं वाटलं की मी त्या म्यूलच्या ड्रॉइंगपुढे दहा मिनिटं उभी होते.

मग काठावर कॅम्प, कुटुंबंच्या कुटुंबं उन्हाळाभर तंबूत, मोठ्या टाक्यांमध्ये शिंपले वाफवायचे, उघडले की आतलं मांस चाचपून बघायचं मोती आहे का, कारण एखादा चांगला मोती म्हणजे वर्षभराची कमाई, आणि मांस डुकरांना किंवा फेकून. त्या कॅम्पचा वास कसा असेल ते आईने लगेच ओळखलं, मासळी वाळवायच्या जागेजवळ राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

फॅक्टरीत आले की शिंपले आठवडाभर पाण्यात भिजत ठेवायचे, नाहीतर कापताना फुटतात. कटर म्हणजे कापणारे, बहुतेक पुरुष, एका नळीसारख्या गोल करवतीसमोर उभे, शिंपला दाबून धरायचा, सतत पाणी उडत असायचं, आणि एकेक गोल चकती पडायची. अंगभर ओल आणि पांढरी भुकटी, ती भुकटी छातीत जायची, बोटं कापायची, कापल्या जागी घाण लागून पिकायची. मग चकत्या घासून सारख्या जाडीच्या करायच्या, भोकं पाडायची, ॲसिड आणि प्युमिस (खरखरीत दगडाची पूड) घालून पिंपात फिरवून चमक आणायची, आणि मग निवडणं, जे बायका आणि मुली करायच्या, रंग, चमक, आकार बघून. शेवटी कार्डावर शिवणं. आणि हे कार्डावर शिवायचं काम घरी जायचं. आया घरी बसून, मुलं हाताखाली घेऊन, पुठ्ठ्यावर बटणं टाकायच्या, कार्डांच्या हिशोबाने पैसे.

इथे आई थांबली. काचेमागे एक तसं कार्ड आहे, गुलाबी-पांढऱ्या चमकीची बटणं, ओळीने, मागून दोरा कसा फिरवलाय ते आईने वाकून बघायचा प्रयत्न केला, दिसेना, मग तिथल्या व्हॉलंटियर आजींना खुणेनेच विचारलं की मागची बाजू. त्या आजी हसल्या आणि आतून हाताळायला ठेवलेलं एक कार्ड घेऊन आल्या. आईने ते उलटं केलं, अंगठ्याने दोरा चाचपला आणि मला म्हणाली, "बघ, तोडलाच नाहीये, एका बटणावरून दुसऱ्यावर सरळ नेलाय, गाठ शेवटी एकच. दोरा वाचवायचा म्हणून." मी भाषांतर केलं. आजींनी तोंडावर हात ठेवला, म्हणाल्या माझी आई पण हेच करायची, किचनच्या टेबलावर. आणि मग दोघी जणी माझ्याशिवायच बोलायला लागल्या, एक मराठीत एक इंग्लिशमध्ये, हातांनी.

आजींनी आईला आणखी एक गोष्ट शिकवली, खरं तर आईला ती येतच होती. शिंपल्याचं बटण ओळखायचं तर गालाला लावून बघा, गार लागतं, प्लास्टिक लागत नाही. आईने दोन बटणं गालाला लावली, डोळे मिटले, "हे खरं," म्हणाली. बरोबर होतं.

भोकं पाडलेले शिंपले पण हातात घेऊन बघता येतात, आणि तुम्ही गेलात तर ते नक्की घ्या. एका शिंपल्यातून जेवढी बसतील तेवढी भोकं, एकमेकांना चिकटून, मधे केसाएवढी भिंत. आपण करंज्यांसाठी पोळी लाटून वाटीने चकत्या काढतो तेव्हा जसं कमीत कमी उरेल असं बघतो ना, तसंच. फरक एवढाच की उरलेलं परत मळून लाटता येत नाही. आईच्या हातातल्या शिंपल्यात नऊ पूर्ण भोकं होती आणि कडेला एक अर्धवट, तिथे शिंपला फुटला होता. तिने विचारलं, "याचे पैसे मिळाले असतील का त्याला?"

नाही. फुटलेल्याचे नाही मिळायचे. आणि हा सगळा भाग मला म्युझियमच्या बाहेर पडल्यावर पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा लांबण लावते. कटरला पैसे ग्रोसवर मिळायचे. ग्रोस म्हणजे १२ डझन, १४४, हे शिलाईच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. पण मस्कटीनच्या कारखान्यांत कटरकडून १४ डझन म्हणजे १६८ चकत्या घेऊन त्याला एक ग्रोस धरायचे, खराब निघतील त्याची भरपाई म्हणून. म्हणजे दर ग्रोसमागे २४ चकत्या आधीच कापून घेतलेल्या. आणि मोजणारा मालकाचा माणूस. आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, मोजायचं कोण, तर ज्याला कमी मोजण्यात फायदा तो.

१९११ च्या फेब्रुवारीत हे फुटलं. कामगारांनी युनियन केली होती, कारखान्यांनी टाळं लावलं, अडीच हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर आले, पुढे मारामाऱ्या झाल्या आणि गव्हर्नरने मिलिशिया म्हणजे राज्याचं सैन्य पाठवलं. गाव दोन भागात फाटलं, म्हणजे खरोखर शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. यात एक मुलगी होती पर्ल मॅकगिल, शेतकरी घरातली, वय सोळा-सतरा, कारखान्यात कामाला आलेली. ती युनियनसाठी गावोगाव आणि थेट मोठ्या शहरांत जाऊन भाषणं करून पैसे गोळा करायला लागली, पुढे १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापड गिरणी संपात पण गेली. नाव पर्ल, मोती. परत आयोवात येऊन शाळेत शिकवायला लागली, आणि १९२४ मध्ये तिच्या आधीच्या नवऱ्याने तिला गोळी घालून मारलं, तीस पण पूर्ण नव्हती. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त फोटोकडे बघितलं आणि साडीचा पदर नीट केला. मला वाटतं अमेरिकेत येणाऱ्या आपल्या लोकांना ही बाजू कोणी दाखवत नाही. आपण इथली युनिव्हर्सिटी बघतो, टॉवर बघतो, आणि वाटतं की हे सगळं असंच सहज उभं राहिलं असेल. इथे पण नगावर मजुरी होती, इथे पण घरात पोरांच्या हातून काम होतं.

धंदा संपला कसा ते पण सांगते. शिंपले संपत आले हे पहिलं. एक शिंपला मोठा व्हायला कितीतरी वर्षं लागतात आणि इथे वर्षानुवर्षं तळ खरवडून काढला. दुसरं प्लास्टिक, ते स्वस्त, वॉशिंग मशीनमध्ये पण टिकतं, शिंपल्याचं बटण गरम पाण्याने आणि कडक साबणाने निस्तेज होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत शिंपल्याचं बटण बनवणं थांबलं, कारखान्यांनी प्लास्टिकची बटणं करायला घेतली. नंतर इथल्या नद्यांतले शिंपले जपानला पण जायला लागले, कल्चर्ड म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या मोत्यांच्या आत जो गोल मणी घालतात तो यांच्या कवचाचा. म्हणजे कोणाच्या गळ्यातल्या मोत्याच्या पोटात मिसिसिपीचा तुकडा असू शकतो. आईने लगेच कानातल्याला हात लावला.

आता फेअरपोर्ट. शिंपले संपतायत हे १९०० नंतर लगेच लक्षात आलं होतं, म्हणून १९०८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने मंजुरी दिली आणि मस्कटीनच्या वरच्या अंगाला फेअरपोर्टला सरकारी बायोलॉजिकल स्टेशन झालं, शिंपल्यांची पैदास करायला. शिंपल्याचं पिल्लू जन्मलं की लगेच शिंपला होत नाही, ते आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटतं, काही आठवडे तिथे राहतं, मग गळून तळाला जातं आणि आपलं आयुष्य सुरू करतं. मासा नाही तर शिंपला नाही. त्यामुळे स्टेशनवाले मासे पकडून त्यांच्या कल्ल्यांना पिल्लं चिकटवून परत नदीत सोडायचे, लाखोंनी. तरी धंद्याचा वेग एवढा होता की पुरलं नाही, त्यात १९३० च्या दशकात नदीवर धरणं आणि लॉक (बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) बांधले, मस्कटीनला १६ नंबरचं धरण, पाणी थांबलं, गाळ बसला. आज हिगिन्स आय नावाचा शिंपला, ज्याची पहिली नोंद १८५७ मध्ये याच भागातल्या नमुन्यांवरून झाली, तो १९७६ पासून धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. स्टेशनच्या जागी आता राज्याची फिश हॅचरी आहे. आम्ही तिथे फक्त गाडी थांबवून तलावांच्या कडेने एक फेरी मारली, शांत जागा आहे, बगळे होते. नदीतून शिंपले उचलून घरी आणू नका, नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत.

म्युझियमच्या बाहेर गाव पण बघा, निदान अर्धा दिवस. नदीकाठी रिव्हरसाइड पार्क आहे, तिथे शिंपले काढणाऱ्या माणसाचा ब्राँझचा मोठा पुतळा आहे, संध्याकाळी त्याच्यामागे नदी आणि पूल दिसतो. डाउनटाउन आणि पार्कच्या मधून रेल्वेचा रूळ जातो, मालगाडी आली की थांबावं लागतं, आणि ती संपतच नाही. आई डबे मोजत बसली, ऐंशीच्या पुढे मी लक्ष सोडलं, तिने सोडलं नाही.

थर्ड स्ट्रीटवर अलेक्झांडर क्लार्क यांचं घर आहे. विटांचं, साधं, मूळ जागेवरून १९७५ मध्ये थोडं सरकवून जपलेलं, मूळ जागी ज्येष्ठ नागरिकांची उंच बिल्डिंग झाली आणि तिला पण क्लार्क यांचंच नाव दिलं. आम्ही बाहेरूनच बघितलं, पण हे बघायलाच हवं, कारण हे नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? कृष्णवर्णीय माणूस, १८४२ मध्ये सोळा वर्षांचा असताना मस्कटीनला आला, न्हावीकाम करायचा, आगबोटींना जळाऊ लाकूड विकायचा, त्यातून जमीनजुमला केला. १८६७ मध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला, सुझनला जवळच्या शाळेने घेतलं नाही, काळ्यांच्या वेगळ्या शाळेत जा म्हणाले. क्लार्क कोर्टात गेले, आणि १८६८ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रंगावरून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. हे पूर्ण देशाला लागू व्हायला १९५४ उजाडावं लागलं, म्हणजे ८६ वर्षं. पुढे क्लार्क यांचा मुलगा आयोवा युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला, आणि मग स्वतः क्लार्क यांनी ५८ व्या वर्षी तीच पदवी घेतली. १८९० मध्ये लायबेरियाला अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले, तिथेच १८९१ मध्ये वारले, आणि त्यांना परत आणून मस्कटीनच्याच ग्रीनवुड सिमेटरीत पुरलं. गावच्या ज्युनियर हायस्कूलला आता सुझन क्लार्कचं नाव आहे. ज्या गावाने मुलीला दारातून परत पाठवलं त्याच गावाच्या शाळेवर तिचं नाव, हे वाचून मला भरून आलं. बाप मुलीच्या शाळेसाठी कोर्टात जातो ही गोष्ट आईला समजावून सांगावी लागली नाही.

लायब्ररी पण चुकवू नका. मसर पब्लिक लायब्ररी, मसर हे लाकडाच्या धंद्यात मोठे झालेलं कुटुंब, त्यांनी १९०१ च्या सुमाराला गावाला लायब्ररी दिली. आता ती नदीजवळच्या मोठ्या इमारतीत आहे, जी आधी एचएनआय या फर्निचर कंपनीचं ऑफिस होती, कंपनीने ती गावाला देऊन टाकली आणि २०१८ मध्ये लायब्ररी तिथे आली. ऑफिसच्या खुर्च्या-टेबलं बनवणारी ही कंपनी इथलीच, १९४४ ची. लायब्ररीत आत जाऊन बसायला कोणी काही विचारत नाही, एसी आहे, स्वच्छ बाथरूम आहे, आई-बाबांना घेऊन फिरणाऱ्यांना याची किंमत कळेल. त्याच मसर घराण्याचा १९०८ चा बंगला म्हणजे आजचं मस्कटीन आर्ट सेंटर, मलबेरी ॲव्हेन्यूवर, मागे जपानी पद्धतीची बाग आहे आणि घरात पाइप ऑर्गन. वेळ कमी असेल तर इथे अर्धा तास पुरे, बागेत थोडं बसा.

आणखी दोन गोष्टी पटकन. शी जिनपिंग १९८५ मध्ये चीनमधल्या एका काउंटीचे अधिकारी असताना शेती बघायला इथे आले होते, एका कुटुंबाकडे राहिले, आणि २०१२ मध्ये परत येऊन त्याच लोकांना भेटले. त्यामुळे चिनी पर्यटक त्या घरासाठी येतात. आणि नॉर्मन बेकर, ज्याने १९२० च्या दशकात इथून केटीएनटी नावाचं रेडिओ स्टेशन चालवलं, आणि रेडिओवरून कॅन्सर बरा करतो म्हणून लोकांना हॉस्पिटलमध्ये बोलावलं. १९३१ मध्ये स्टेशनचं लायसन्स गेलं, मग हा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन तेच करायला लागला, शेवटी टपालातून फसवणूक केल्याबद्दल १९४० मध्ये शिक्षा झाली. व्हॉट्सॲपवर आजही काढे फॉरवर्ड करणाऱ्या नातेवाईकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

खायचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर हाल आहेत, सोबत डबा घ्या. आम्ही एका ठिकाणी (नाव घेत नाही) चीज सँडविच मागवलं, दोनदा सांगून पण हॅम घालून आलं, आईने काही न बोलता बाजूला सारलं आणि मला फार वाईट वाटलं. तिथून निघून रस्त्याकडेच्या स्टँडवर कलिंगड आणि खरबूज घेतलं. गावाच्या दक्षिणेला वाळूची जमीन आहे, तिला आयलंड म्हणतात, तिथली खरबुजं या भागात प्रसिद्ध आहेत, ऑगस्टमध्ये गेलात तर नक्की घ्या. गाडीच्या डिकीवर कापून खाल्लं, मनगटापर्यंत रस ओघळत होता. जेवणच झालं ते.

कोणी जावं? ज्यांच्या घरात शिलाई मशीन होतं त्या सगळ्यांनी. आई-सासूबाईंना घेऊन जा, चालणं कमी आहे, बसत बसत बघता येतं. सहावी-सातवीच्या पुढची मुलं रमतील, त्यांना आधी घरी शिंपल्याचं आणि प्लास्टिकचं बटण गालाला लावायला द्या. अगदी लहान पोरांना घेऊन गेलात तर नदीकाठचं पार्क आधी करा. जायच्या आधी वेळ फोनवर विचारून घ्या, छोट्या गावातली म्युझियम रोज उघडी नसतात. आणि व्हॉलंटियर आजी-आजोबांशी बोला, नुसते बोर्ड वाचून बाहेर येऊ नका. माझ्याकडून ५ पैकी ५.

निघताना जवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात आईला काचेच्या बरणीत सुटी बटणं दिसली. तिने ती काउंटरवर पसरली, एकेक गालाला लावून सहा निवडली, चार भोकांची, एका मापाची. दुकानदाराने सहाचे पैसे घेतले आणि सातवं असंच पुडीत टाकलं. रात्री मोटेलमध्ये तिने माझ्या मुलाच्या शर्टाची सगळी बटणं उसवली आणि ही लावली, दोरा न तोडता एकावरून दुसऱ्यावर नेत, गाठ शेवटी एकच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा मशीनमध्ये टाकू नकोस, हाताने धू." सातवं तिने पर्समध्ये ठेवलंय.